दुधाच्या डब्यापासून लेथपर्यंत : डेट्रॉईटच्या एका धर्मगुरूचे काम

१९६८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डेट्रॉईट या मोटारींच्या शहरात आणि त्याच्या उपनगरांत बऱ्याच बायका एकसारखी यादी घेऊन किराणा दुकानांतून आणि औषधांच्या दुकानांतून हिंडत होत्या. काही गोऱ्या होत्या, काही काळ्या. यादीतली वस्तू कुठे केवढ्याला मिळते आणि तिचा दर्जा कसा आहे, हे त्या टिपून घेत होत्या. वर्षभरापूर्वी याच शहरात दंगलीत ४३ माणसे मेली होती आणि जळालेल्या इमारतींची ओसाड जागा अजून तशीच पडली होती. अशा वेळी फादर विल्यम कनिंगहॅम या कॅथलिक धर्मगुरूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांना भाव टिपायला पाठवले होते.

दंगलीनंतर धर्मगुरूने काय करावे याची ठरीव कल्पना आपल्या सगळ्यांच्या मनात असते. प्रार्थनासभा घ्यावी, घोंगड्या वाटाव्यात, शांततेचे आवाहन करावे. कनिंगहॅम यांनी आधी मोजमाप केले, म्हणून मला हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटते. त्या यादीतून निघालेला धागा पुढे तीस वर्षे धातू कापून घडवणाऱ्या लेथ मशीनपर्यंत गेला, आणि दर वेळी आधीच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघत गेला.

जुलै १९६७

२३ जुलै १९६७, रविवारची पहाट. बारावा रस्ता आणि क्लेअरमाउंट यांच्या नाक्याजवळ विनापरवाना दारूच्या एका अड्ड्यावर पोलिसांनी धाड घातली. आत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या दोन सैनिकांसाठी पार्टी चालली होती. थोडीफार माणसे सापडतील असा पोलिसांचा अंदाज होता, पण सापडली ऐंशीच्या वर. सगळ्यांना अटक करून न्यायला गाड्या येईपर्यंत रस्त्यावर जमाव गोळा झाला. त्या आठवड्यात ४३ जण मेले, त्यांतले ३३ काळे होते. जखमी जवळपास १,२०० होते आणि अटका ७,००० च्या वर गेल्या. मिशिगन राज्याचे गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव लष्करी दल बोलावले, तेही पुरेना, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लष्कराच्या ८२ व्या आणि १०१ व्या छत्रीधारी डिव्हिजनचे सैनिक धाडले.

ठिणगी धाडीची असली तरी दारूगोळा कित्येक वर्षे साठत आला होता. ब्लॅक बॉटम ही काळ्यांची जुनी वस्ती आणि तिला लागून असलेल्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवरची त्यांची दुकाने शहराच्या 'नूतनीकरणा'त आणि महामार्गाखाली गेली होती. तिथून उठलेली कुटुंबे बाराव्या रस्त्याच्या आसपास दाटीवाटीने येऊन राहिली. कारखाने उपनगरांत सरकत होते, आणि त्या उपनगरांत काळ्या माणसाला घर मिळत नव्हते. एट माईल रोडजवळ तर १९४१ साली एका बिल्डरने अर्धा मैल लांबीची, सहा फूट उंचीची भिंत घातली होती, कारण काळ्यांच्या वस्तीपासून 'सुरक्षित' अंतर दाखवल्याशिवाय त्याच्या गोऱ्या गिऱ्हाइकांच्या कर्जांना सरकारी हमी मिळत नव्हती. त्या भिंतीचा बराच भाग आजही उभा आहे.

कनिंगहॅम तेव्हा सदतिशीच्या आसपास होते. जन्म डेट्रॉईटचाच, १९३० चा. १९५५ साली गुरुदीक्षा झाली आणि लिनवुड ॲव्हेन्यूवरच्या सेक्रेड हार्ट सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, ते इंग्रजी शिकवत होते. सेमिनरी दंगलीच्या ऐन टापूत होती. तिच्या आवारात कोपऱ्यावर येशूचा पांढरा दगडी पुतळा होता. दंगलीच्या दिवसांत कुणीतरी त्याचा चेहरा, हात आणि पाय काळे रंगवले. काही आठवड्यांनी दुसऱ्या कुणीतरी ते पुन्हा पांढरे केले. मग सेमिनरीने स्वतः ते काळ्या रंगात रंगवून घेतले आणि तसेच ठेवले. एका शहरातली दोन शहरे दाखवायला इतका पुरावा मला पुरेसा वाटतो. त्या पुतळ्याच्या आसपास रोज वावरणारा इंग्रजीचा शिक्षक पुढे वर्गात फार काळ रमू शकला नाही, याचे मला नवल वाटत नाही.

टेलरची गृहिणी

या कामाला फक्त 'फादर कनिंगहॅम यांचे काम' म्हणणे अन्यायाचे होईल. टेलर या गोऱ्या उपनगरात एलिनोर जोसेटिस राहत होत्या. गृहिणी, पाच मुलांची आई. शनिवार-रविवारी तिथल्या चर्चमध्ये मदतीला येणाऱ्या कनिंगहॅम यांच्याशी त्यांची आणि त्यांच्या पतीची मैत्री जमली. मार्च १९६५ मध्ये त्या टीव्हीवर नाझी गुन्ह्यांच्या खटल्यावरचा एक चित्रपट पाहत असताना वाहिनीने तो मध्येच थांबवून अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या मतदानहक्क मोर्चाची दृश्ये दाखवली होती. पुलावर शांतपणे चालणाऱ्या काळ्या नागरिकांवर पोलीस लाठ्या आणि घोडे घालत होते. जर्मनीत तेव्हा आपण असतो तर काय केले असते, हा पडद्यावरून मनात आलेला प्रश्न त्यांच्या स्वतःच्या देशावर येऊन थांबला. ही आठवण त्या पुढे आयुष्यभर सांगत.

८ मार्च १९६८ रोजी कनिंगहॅम आणि एलिनोर या दोघांनी 'फोकस होप' ही संस्था सुरू केली. संस्थेची प्रतिज्ञा एका परिच्छेदाची आहे. प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा आणि सौंदर्य मान्य करून, वर्णद्वेष, गरिबी आणि अन्याय यांवर मात करण्यासाठी बुद्धीची आणि व्यवहाराची कृती करण्याचे वचन त्यात दिले आहे. 'व्यवहाराची' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढच्या प्रत्येक वळणावर तोच शब्द या माणसांचा हात धरून त्यांना नेतो.

काळ फार बिकट होता. शहरातली दोन्ही मोठी वर्तमानपत्रे नोव्हेंबर १९६७ पासून संपामुळे बंद होती आणि ती ऑगस्ट १९६८ पर्यंत बंदच राहिली. बातमी नसली की अफवा बोलते. उपनगरांत लोक बंदुका विकत घेत होते. संस्था सुरू झाली त्यानंतर सहा दिवसांनी, १४ मार्चला, मार्टिन ल्यूथर किंग ग्रॉस पॉइंट या श्रीमंत उपनगरातल्या शाळेत बोलायला आले, तेव्हा श्रोत्यांमधूनच त्यांची हुर्यो उडवली गेली. पुढे तीन आठवड्यांत त्यांची हत्या झाली.

अशात जोसेटिस कुटुंबाने टेलर सोडून डेट्रॉईट शहरात राहायला जायचे ठरवले. गोरी कुटुंबे शहराबाहेर पळत होती आणि हे उलट्या दिशेने निघाले. एलिनोर यांच्या आईने नातवंडे काढून घेण्यासाठी वकील गाठला. सासऱ्यांनी संबंध तोडला. दिराने 'आमचे आडनाव लावू नकोस' म्हणून सांगितले. १९७४ साली संस्थेच्या कार्यालयावर पेटते बाँब पडले. गरिबीविरोधी कामाच्या अहवालांत असल्या गोष्टी येत नाहीत, पण किंमत कुणी किती मोजली हे कळल्याशिवाय प्रकरण अर्धेच समजते. धर्मगुरूला कुटुंब नसते, तो वस्तीत राहायला जाऊ शकतो. पाच मुलांच्या आईने जाणे वेगळे.

भावांची यादी

सुरुवातीचे काम प्रवचनांचे होते. उपनगरांतल्या गोऱ्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, जाऊन वर्णद्वेषाविषयी बोलायला धर्मगुरूंना तयार करायचे. आर्चबिशप जॉन डिअर्डन यांचा पाठिंबा होता. १९६५ साली संपलेल्या, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चला जगाच्या सुखदुःखात उतरायला सांगितले होते आणि डिअर्डन ते मनावर घेणाऱ्यांपैकी होते. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आलेल्या सगळ्यांना ही प्रवचने रुचली नाहीत हे उघड आहे. 'आम्ही कुणाचे काय वाईट केले?' हा गोऱ्या उपनगराचा मनापासूनचा प्रश्न होता आणि प्रवचनाने त्याचे उत्तर होत नव्हते.

उत्तर भावांच्या यादीने दिले. वस्तू त्याच आणि औषधे तीच असताना शहरातल्या गरीब वस्तीत जास्त पैसे मोजावे लागत होते आणि माल कमी प्रतीचा मिळत होता. काळ्या वस्तीतल्या लोकांना हे पाठ होते. आता ते गोऱ्या बायकांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून घरी नेले.

याची कारणे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मोठ्या साखळीची दुकाने शहरातून काढता पाय घेत होती. उरलेले छोटे दुकानदार थोडा माल घेत, तो त्यांना महाग पडे आणि दंगलीनंतर विम्याचा बोजा वाढला होता. गिऱ्हाइकाकडे मोटार नव्हती, म्हणून पाच मैलांवर स्वस्त मिळते हे कळूनही उपयोग नव्हता. आणि ज्याला उधारीवर घ्यावे लागते तो घासाघीस करू शकत नाही. दंगलींची चौकशी करायला राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कर्नर आयोगाच्या, फेब्रुवारी १९६८ च्या शेवटी आलेल्या अहवालानेही काळ्या वस्त्यांच्या तक्रारींत दुकानदारी आणि उधारीतला अन्याय नोंदवला होता. आयोगाने जे देशभराचे म्हणून सांगितले, ते या बायकांनी आपल्या रस्त्यावर पाहिले.

इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सर्वेक्षण एखाद्या विद्यापीठाकडून करवून घेता आले असते. आकडे अधिक काटेकोर मिळाले असते, पण मग ज्यांची समजूत बदलायची होती त्यांनी ते वाचलेच नसते. ज्याला पटवायचे त्याच्याच हाती फुटपट्टी द्यायची ही युक्ती शिक्षकालाच सुचू शकते.

डबा

महाग अन्न म्हणजे ताटात कमी अन्न. पुढचा प्रश्न असा की यात सर्वांत आधी कोण मोडते? डॉक्टर सांगत होते की गरोदरपणात आणि बाळाच्या पहिल्या काही वर्षांत पोषण मिळाले नाही तर मेंदूच्या वाढीचे झालेले नुकसान पुढे पुरते भरून येत नाही. हे कळल्यावर शाळा, नोकरी, समानता या सगळ्या गोष्टींच्या आधी दुधाचा डबा येतो.

१९७१ मध्ये फोकस होपने गरोदर आणि बाळंतीण बायका, तान्ही मुले आणि सहा वर्षांखालची मुले यांच्यासाठी अन्नवाटप सुरू केले. नावात 'प्रिस्क्रिप्शन' हा शब्द होता. औषधासारखे अन्न लिहून द्यायचे, ही कल्पना. माल केंद्रीय कृषी खात्याचा. सरकार शेतमाल खरेदी करते आणि पूरक अन्न योजनेतून तो संस्थांना देते. त्यात बाळाचे दूध, डबाबंद फळांचे रस, धान्य असे पदार्थ असत. वाहतूक, साठवण, नोंदणी आणि वाटप संस्थेने सांभाळायचे.

वाटपाची पद्धत त्यांनी जाणूनबुजून घडवली. केंद्रांची मांडणी किराणा सुपरमार्केटसारखी केली. बाई ढकलगाडी घेऊन आत येते, मांडणीवरून आपल्या वाट्याचा माल स्वतः उचलते आणि काउंटरवरून बाहेर पडते. दारात रांग लावून हातात पिशवी कोंबणे स्वस्त पडले असते. पण आईने हात पसरलेला मुलाला दिसू नये, तिने खरेदी केलेली दिसावी, यासाठी जागा, मांडण्या आणि माणसे यांवर खर्च करायला ही संस्था तयार होती. प्रतिज्ञेत 'प्रतिष्ठा' लिहिणे सोपे असते. ती ढकलगाडीत दिसली तरच खरी.

१९७० च्या दशकाच्या मध्याला गरोदर बायका आणि बालकांसाठी व्हाउचरची नवी केंद्रीय योजना कायम झाली. व्हाउचर दाखवून दुकानातून ठरावीक अन्न घ्यायचे. मग ही जुनी थेट वाटपाची योजना चालू ठेवायचीच कशाला, असा विचार वॉशिंग्टनमध्ये वारंवार पुढे आला. फोकस होपने तिच्यासाठी सतत भांडण केले, आणि मला ते भांडण योग्य वाटते. व्हाउचर घेऊन जायला घराजवळ धड दुकान तर हवे. १९६८ च्या यादीने नेमके हेच दाखवले होते. योजना कागदावर सारख्या दिसतात, वस्तीत उतरल्यावर त्यांचे वजन वेगळे निघते. पुढे जोसेटिस वॉशिंग्टनला खेटे घालत राहिल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉईटमध्ये हेच अन्न गरीब वृद्धांना देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि नंतर तो योजनेचा कायमचा भाग झाला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत डबे पोहोचवायला उपनगरांतले स्वयंसेवक येऊ लागले. एका गोऱ्या माणसाने एका काळ्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात डबे मांडून ठेवणे हेही या संस्थेच्या दृष्टीने वर्णद्वेषाविरुद्धचे काम होते.

लेथ

दरमहा हजारो लोक अन्न घेऊन जात होते. दुसरी कुठलीही संस्था इथे समाधान मानून गोदामे वाढवत गेली असती. कनिंगहॅम यांना या आकड्याचा आनंद होईना. एवढ्या लोकांना अन्न का लागते? नोकऱ्या नाहीत म्हणून.

१९७९-८० हा डेट्रॉईटच्या पडझडीचा काळ. तेलाचे भाव कडाडले होते, जपानी छोट्या गाड्या खपत होत्या. क्रायस्लर ही मोटार कंपनी बुडायच्या बेतात आली आणि सरकारी कर्जहमीवर कशीबशी तरली. जानेवारी १९८० मध्ये डॉज मेन हा जुना, अवाढव्य कारखाना बंद झाला. कसलेही शिक्षण नसताना असेंब्ली लाइनवर उभे राहून घर चालवता येत होते, ते दिवस संपत आले होते.

पण एक जागा रिकामी होती. कुशल यंत्रकारागिरांची पिढी म्हातारी होत होती. लेथ, मिलिंग, ग्राइंडर चालवणारे, टूल आणि डाय, म्हणजे कारखान्यांची हत्यारे आणि साचे, बनवणारे लोक. ही कारागिरी बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जायची आणि ती जवळजवळ पूर्ण गोऱ्यांच्या हातात होती. काळ्या तरुणाला आणि कुठल्याही बाईला तिथे शिकाऊ म्हणून शिरणेच अवघड होते. पगार चांगला होता, मागणी होती, आणि दार बंद होते. कनिंगहॅम यांनी त्या दाराशी जायचे ठरवले. ओकमन बुलेव्हार्डवरचा एक्स-सेल-ओ या यंत्रनिर्मात्या कंपनीचा रिकामा पडलेला कारखाना मिळाला आणि १९८१ मध्ये मशिनिस्ट ट्रेनिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. इंग्रजीचा प्राध्यापक असलेला धर्मगुरू आता लेथ कुठून मिळतील याच्या मागे लागला.

हे शिक्षण म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे, कारण 'कौशल्य प्रशिक्षण' या शब्दाचा आता चोथा झाला आहे. मशिनिस्टला, म्हणजे यंत्रकारागिराला, सुट्या भागाचा नकाशा (ड्रॉइंग) वाचावा लागतो. नकाशावर माप असते आणि मापाशेजारी किती चूक चालेल ते लिहिलेले असते. ती चूक इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, कामगार त्याला 'थाऊ' म्हणतात. दोन-तीन थाऊंनी माप चुकले की तुकडा भंगारात. कोन काढायला त्रिकोणमिती लागते, फीड आणि स्पीड, म्हणजे हत्यार किती सरकवायचे आणि यंत्र किती वेगाने फिरवायचे, हे ठरवायला धातूचे ज्ञान लागते. अपूर्णांक ज्याला येत नाही तो मायक्रोमीटर हे बारीक मापाचे उपकरण वाचू शकत नाही. म्हणजे गाडी पुन्हा शाळेतल्या गणितावर येऊन अडली.

माध्यमिक शाळा पास झालेले अनेक जण आठवीच्या पातळीचे गणित करत होते. प्रमाणपत्र हातात होते, अपूर्णांक हातात नव्हता. अशांना नापास करून परत पाठवणे हा एक मार्ग होता. प्रवेशाची पातळी खाली आणणे हा दुसरा. संस्थेने दोन्ही नाकारले आणि १९८९ मध्ये 'फास्ट ट्रॅक' सुरू केले. सात आठवड्यांत गणित आणि वाचन साधारण दोन इयत्तांनी वर न्यायचे. शिस्त कडक होती. उशीर चालायचा नाही, अमली पदार्थांची चाचणी व्हायची, कपडे आणि वागणे कारखान्याला शोभेल असेच हवे.

शिकायला येणाऱ्या आया मुलांना कुठे ठेवणार, म्हणून १९८७ मध्ये आवारातच बालकेंद्र उघडले होते. ते मॉन्टेसरी पद्धतीचे होते, म्हणजे गरिबांच्या मुलांसाठी सहसा परवडत नाही असे म्हटले जाते त्या पद्धतीचे. मुलाखत घेताना 'मुलांचे काय करणार?' असा प्रश्न बाईला विचारून तिला वगळण्याऐवजी संस्थेने त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आवारात बांधले, हे मला या सगळ्यातले सर्वांत समंजस पाऊल वाटते.

१९९३ मध्ये शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाकांक्षी टप्पा आला, प्रगत तंत्रज्ञान केंद्र. इथे मशिनिस्ट झालेले विद्यार्थी पुढे अभियंते होणार होते, तेही खऱ्या ऑर्डरींचे खरे सुटे भाग बनवत बनवत. सकाळी मशीनवर, मग वर्गात. वेन स्टेट, लॉरेन्स टेक, युनिव्हर्सिटी ऑफ डेट्रॉईट मर्सी अशी विद्यापीठे अभ्यासक्रमात सामील झाली. मोटार कंपन्यांनी यंत्रे आणि कामे दिली. गरिबांना साधी कामे शिकवावीत आणि त्यावर त्यांनी समाधान मानावे, हा विचार दयाळू माणसांच्याही मनात खोलवर असतो. कनिंगहॅम यांनी तो उलटा केला. जगातली नवीनात नवीन यंत्रे ओकमन बुलेव्हार्डवर यावीत, आणि ती या वस्तीतल्या मुलांनी चालवावीत, असा त्यांचा हट्ट होता.

हट्टाची दुसरी बाजू

इथवर वाचून हे सगळे सरळ चढत गेलेले काम वाटेल, तर तसे नाही.

पहिली अडचण पैशाची. एवढी मोठी केंद्रे वर्गण्यांवर उभी राहत नाहीत. केंद्र सरकारच्या अनेक खात्यांचा पैसा आला आणि त्यात संरक्षण खात्याचा वाटा मोठा होता. संस्थेने लष्करासाठी लागणारे भागही बनवले. येशूच्या नावाने काम करणाऱ्या माणसाने युद्धसामग्रीच्या पैशावर शाळा चालवावी का? मी यावर बराच विचार केला आहे आणि मला याचे सोपे उत्तर सापडत नाही. त्या काळात अमेरिकेत अचूक यंत्रकाम शिकवायला पैसा देण्याची खरी निकड संरक्षण खात्याला वाटत होती आणि कनिंगहॅम यांनी ती निकड आपल्या वस्तीकडे वळवली. मी त्यांच्या जागी असतो तर बहुधा तेच केले असते, पण रात्री झोप लागली असती असे म्हणत नाही.

दुसरी अडचण शिस्तीची. सात आठवडे रोज वेळेवर येऊ शकणारा तरुण आधीच थोडा सावरलेला असतो. ज्याला व्यसन आहे, ज्याच्या घरी रोज मारहाण आहे, ज्याची बस वेळेवर येत नाही, तो पहिल्या आठवड्यातच गळतो. कारखाना अशाला घेणार नाही हे संस्थेचे म्हणणे खरे होते. पण मग सर्वांत गरीब माणूस लेथपर्यंत पोहोचलाच नाही, तो डब्याच्या केंद्रावरच राहिला. पुढे संस्थेने फास्ट ट्रॅकच्याही खालची एक पायरी बांधली. ही मर्यादा तिलाही जाणवत होती, असा मी त्याचा अर्थ लावतो.

तिसरी अडचण कुणाच्याच हातात नव्हती. १९५० मध्ये डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. १९९० मध्ये ती १० लाखांवर आली आणि २०१० मध्ये ७ लाख १४ हजार उरली. प्रशिक्षण माणसाला नोकरीलायक करते, नोकरी निर्माण करत नाही. आणि शिकलेला माणूस पगार मिळू लागला की वस्ती सोडून जाऊ शकतो. त्याला दोष कसा देणार? त्याच्यासाठीच तर हे केले. पण मग वस्तीचे काय, हा प्रश्न लेथने सुटत नाही.

कनिंगहॅम ही अडचण ओळखून होते असे त्यांच्या इतर कामांवरून दिसते. शहरातली नोकरी उपनगरात नेणाऱ्यांशी संस्थेने न्यायालयातही झुंज दिली. १९७० च्या दशकात एका मोठ्या संस्थेने मुख्यालय डेट्रॉईटहून डिअरबॉर्नला न्यायचे ठरवले. त्या काळी डिअरबॉर्नचे महापौर ऑर्व्हिल हबर्ड होते आणि काळ्यांना आपल्या शहराबाहेर ठेवल्याचा त्यांना अभिमान होता. काळ्या कर्मचाऱ्यांच्या वतीने भेदभावाचा दावा उभा करण्यात फोकस होप पुढे होते. अन्न वाटणारी संस्था दावा लावते तेव्हा देणगीदार बिचकतात. तरीही त्यांनी तो लावला.

१९९७ आणि नंतर

कनिंगहॅम हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलवर फिरत, मोठ्याने बोलत, सिनेटरांना आणि सेनापतींना एकाच आत्मविश्वासाने भेटत. अशा माणसाभोवती उभी राहिलेली संस्था तो गेल्यावर कोसळते, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे. २६ मे १९९७ रोजी ते कर्करोगाने गेले. २ जुलैला, दीड महिनाही झाला नव्हता, टॉर्नेडोची वादळी वावटळ नेमकी फोकस होपच्या आवारावरून गेली आणि इमारतींची मोठी मोडतोड झाली. संस्था तरीही उभी राहिली, याचे कारण मला साधे वाटते. पहिल्या दिवसापासून ती दोघांची होती. जोसेटिस यांनी सूत्रे हाती घेतली, पडझड दुरुस्त करून वर्ग सुरू केले आणि पुढची जवळपास दहा वर्षे कारभार पाहिला. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ७९ व्या वर्षी, त्या गेल्या.

त्यानंतरचे दिवस कठीण होते. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, तेव्हाच संस्थेचे देणगीदार आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे मालक एकदम हलले होते. १८ जुलै २०१३ रोजी खुद्द डेट्रॉईट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारखानदारीचा पसारा आवरला गेला. प्रशिक्षण, बालशिक्षण आणि अन्न ही कामे राहिली.

अन्नाच्या कामाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. २०१४ च्या केंद्रीय कृषी कायद्याने पूरक अन्न योजना यापुढे फक्त साठीच्या पुढच्या गरिबांसाठी ठेवली आणि नव्या बायका-मुलांची नोंदणी बंद झाली. ज्या बाळांसाठी १९७१ मध्ये पहिला डबा आला, त्यांच्यासाठीचे दार त्या योजनेत मिटले. त्या वर्षी विशीत असलेली, कडेवर मूल घेऊन केंद्रात आलेली आई २०१४ मध्ये साठी ओलांडून गेली होती. ती अजून त्याच वस्तीत असेल आणि मिळकत तितकीच तोकडी असेल, तर ढकलगाडी घेऊन ती पुन्हा त्या मांडण्यांपाशी येऊ शकत होती. या वेळी स्वतःसाठी.